फर्स्ट-एड बॉक्स कोणाच्या सॅकमध्ये आहे?

जून उजाडला की माझ्याकडे मेडिकल सर्टिफिकेटसाठी येणाऱ्यांची संख्या वाढते. सह्याद्रीतल्या पावसाळी ट्रेकसाठी आत्ता, आणि हिमालयासाठी एप्रिल-मे किंवा नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. पूर्वी यात बहुतेक कॉलेजची मुलं असायची. आता पंचेचाळीस ते साठ वयाची मंडळी जास्त दिसतात. सोसायटीचा ग्रुप, ऑफिसचा ग्रुप, सकाळी नॅशनल पार्कमध्ये चालणाऱ्यांचा ग्रुप. मला याचा आनंदच आहे. ज्यांना दहा वर्षं "रोज अर्धा तास चाला" म्हणून सांगत होतो ते आता कळसूबाई चढून येतात, तेव्हा डॉक्टरने तक्रार कशाची करायची?

तक्रार आहे ती सामानाच्या यादीबद्दल.

सर्टिफिकेटवर सही करण्याआधी मी पेशंटकडे ती यादी मागतो. ती मोबाइलवर आलेली असते. सॅक, रेनकव्हर, चांगल्या ग्रिपचे बूट, पोंचो, टॉर्च, काठी, ताट-वाटी-मग, जादा कपडे, आधार कार्ड. यादी वाईट नसते, अनुभवी लोकांनीच केलेली असते. अगदी शेवटी एक ओळ असते, "वैयक्तिक औषधे". आणि बऱ्याचदा तिच्या खाली दिलासा दिलेला असतो की फर्स्ट-एड बॉक्स लीडरकडे असेल, काळजी नसावी.

या दिलाशावर माझा विश्वास नाही. लीडर चांगले असतात, बॉक्सही बऱ्यापैकी भरलेला असतो. पण तीस जणांचा ग्रुप डोंगरावर एकत्र चालत नाही. चढ सुरू झाल्यावर तासाभरात पुढचे आणि मागचे यांच्यात अंतर पडतं, दुपारपर्यंत ते दीड-दोन तासांचं होऊ शकतं. त्रास बहुतेक वेळा मागच्यांना होतो आणि बॉक्स पुढे गेलेला असतो. मोबाइलला रेंज नसते. हाक मारून किती लांब ऐकू जाणार?

म्हणून माझं मत असं आहे की ग्रुपने सामान वाटून घ्यावं. स्टोव्ह, पातेली, दोर, तंबू जरूर वाटून घ्यावेत, तेवढंच ओझं कमी. पण जी वस्तू पुढचे सहा तास मिळाली नाही तर तुमच्या शरीराला धोका होईल, ती वाटून घ्यायची नाही. ती तुमच्याच सॅकमध्ये, आणि शक्यतो सॅकच्या वरच्या किंवा कमरेच्या खिशात हवी. पाणी, साखर, तुमची औषधं, एक कोरडा गरम कपडा आणि टॉर्च. एवढंच. बाकी यादी ट्रेकवाल्यांची, त्यात मी पडत नाही.

आता एकेक गोष्ट डॉक्टरच्या नजरेने बघू.

गोळी घेतली, जेवण मात्र गावात

माझे एक पेशंट, मुलुंडचे, वय बावन्न. डायबेटिस सात-आठ वर्षांचा, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन चालू. राजमाचीला कर्जतकडून, कोंदिवड्याच्या बाजूने निघाले. पहाटेची लोकल, सहा वाजता पोहे, सोबत नेहमीची गोळी. दुपारचं जेवण वर उधेवाडीत सांगून ठेवलेलं. पुढचे लोक साडेबाराला पोहोचून जेवायला बसले. हे मागच्या सात-आठ जणांत होते, जंगलातल्या चढावर, दमट उकाड्यात. दीडच्या सुमारास त्यांना दरदरून घाम सुटला, पाय लटपटायला लागले, मग ते थोडं असंबद्ध बोलायला लागले. सोबतच्यांना वाटलं दमले आहेत. "काका, बसा जरा, पाणी प्या," म्हणून सगळे पाणी पाजत राहिले. सुकामेवा, बिस्किटं, ग्लुकोज पावडर, सगळं "कॉमन खाऊ"च्या पिशवीत, आणि पिशवी वर उधेवाडीत. एका मुलीच्या खिशात लिमलेटच्या गोळ्या होत्या. तिने सहज म्हणून चार-पाच दिल्या आणि वीस मिनिटांत काका ताळ्यावर आले.

हा साखर कमी होण्याचा प्रकार होता. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या जातीच्या गोळ्या आणि इन्सुलिन ही औषधं तुम्ही जेवला की नाही हे बघत नाहीत, ती साखर खाली आणतच राहतात. त्यात चार तास चढ चढताना स्नायूही साखर ओढून घेतात. त्यामुळे ट्रेकच्या दिवशी या औषधांचा डोस कमी करायचा का, हे आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. स्वतःच्या मनाने बंद करू नका. आणि खिशात ग्लुकोज पावडर किंवा साधी साखर ठेवा. तीन-चार चमचे पाण्यात घालून प्यायची, पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच. मग बिस्किटं, पोळी असं काही खायचं. चॉकलेट बार हा उपाय नाही, त्यातल्या तुपकटपणामुळे साखर रक्तात जायला वेळ लागतो. आणि माणूस पूर्ण शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं.

याच जोडीला अलीकडे वापर वाढलेली औषधं म्हणजे डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन. ही लघवीवाटे साखर बाहेर टाकतात, सोबत पाणीही जातं. नेहमीच्या आयुष्यात उत्तम औषधं आहेत. पण चार-पाच दिवसांच्या ट्रेकवर, खाणं कमी झालं, उलट्या-जुलाब झाले, तर या गोळ्यांनी शरीर कोरडं पडतं आणि रक्तात कीटोनसारखी आम्लं साठण्याचा धोका असतो, तोही कधीकधी साखर फारशी न वाढता. ब्लडप्रेशरच्या बऱ्याच गोळ्यांमध्येही लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं असतं. पट्टीवर हायड्रोक्लोरोथायाझाइड किंवा क्लोरथॅलिडोन हे शब्द दिसतात का ते बघा. दिसले तर जाण्याआधी मला किंवा तुमच्या डॉक्टरांना दाखवा.

पाण्याचं वजन आणि पेनकिलरची गोळी

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. सॅक हलकी करायची म्हटलं की आधी बाटली कमी होते, कारण "वर टाकं आहे" किंवा "तिच्याकडे तीन लिटर आहे". कोकणाच्या बाजूने चढताना, विशेषतः ऑक्टोबरच्या उन्हात आणि मार्चनंतर, हवेतल्या दमटपणामुळे घाम वाळत नाही. वाळला नाही की अंग थंड होत नाही. माणूस नुसताच निथळत राहतो. निदान दोन ते तीन लिटर पाणी स्वतःजवळ घेऊन निघा, त्यासाठी दुसरी जीन्स घरी राहिली तरी चालेल. (जीन्स पहिलीही घरी राहू दे, ती भिजली की दिवसभर वाळत नाही.)

सोबत ओआरएसची दोन-तीन पाकिटं. एक पाकीट एक लिटर पाण्यात, अर्ध्या पेल्यात सगळं पाकीट ओतायचं नाही. आणि पाकीट औषधाच्या दुकानातून, जागतिक आरोग्य संघटनेच्या फॉर्म्युल्याप्रमाणे असं लिहिलेलं घ्या. टेट्रापॅकमधली गोड सरबतं बरीच वर्षं "ओआरएस" नावाने विकली जात होती. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्यांना हे नाव वापरायला मनाई केली, पण लोकांच्या डोक्यातून ती अजून गेलेली नाहीत.

आता पेनकिलरबद्दल. गुडघा दुखला की ग्रुपमध्ये गोळ्या चण्या-फुटाण्यासारख्या वाटल्या जातात. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक ही औषधं शरीरात पाणी कमी असताना किडनीला त्रास देतात. प्रेशरच्या गोळ्या चालू असतील तर आणखीच. शिवाय समोरच्याला दमा आहे का, अ‍ॅलर्जी आहे का, हे गोळी देणाऱ्याला माहीत नसतं. डोंगरावर दुखण्यासाठी पॅरासिटामॉल पुरतं. दुसऱ्याच्या डबीतली गोळी घेऊ नका आणि आपली देऊ नका. चांगुलपणा लाडू वाटून दाखवता येतो.

थंडी महाराष्ट्रातही मारते

हे वाक्य मुंबईकरांना खरं वाटत नाही. स्वेटर आपल्याकडे कपाटात वरच्या फळीवर असतो. पण २०२३ च्या ऑगस्टमध्ये हरिश्चंद्रगडावर पुण्याहून गेलेला सहा जणांचा गट धुक्यात आणि पावसात वाट चुकला. रात्र डोंगरात काढावी लागली आणि त्यातल्या एकाचा थंडीने मृत्यू झाला. हरिश्चंद्रगडाची उंची १४२४ मीटर. तिथे बर्फ पडत नाही.

मग थंडीने माणूस दगावतो कसा? शरीराचं आतलं तापमान साधारण ३७ अंश असतं. ते ३५ च्या खाली गेलं की हायपोथर्मिया म्हणतात. त्यासाठी हवा शून्याखाली जायची गरज नाही. भिजलेले कपडे, सोसाट्याचा वारा, रिकामं पोट आणि थकून एका जागी बसणं, एवढं जमलं की १५ अंशांतही शरीर उष्णता गमावत जातं. ओल्या कपड्यातून उष्णता कोरड्यापेक्षा कितीतरी वेगाने जाते, आणि सुती टी-शर्ट तर स्पंजासारखा अंगाला चिकटून राहतो.

सुरुवातीला कुडकुडायला होतं. मग बोटं चालत नाहीत, चेन लावता येत नाही. माणूस अडखळतो, पुटपुटतो, गप्प होतो, "मला झोपू द्या" म्हणतो. याच वेळी कुडकुडणं थांबलं तर सोबतच्यांना वाटतं बरं वाटतंय, प्रत्यक्षात ते धोक्याचं लक्षण असतं. अशा माणसाला स्वतःच्या सॅकमधून स्वतः कपडे काढून घालणं सुचत नाही, ते दुसऱ्याने करायचं असतं. त्यासाठी त्याच्या सॅकमध्ये कोरडे कपडे असावे लागतात.

रेनकव्हर असूनही सॅकच्या आत पाणी जातं. पाठीच्या बाजूने, पट्ट्यांच्या शिवणीतून. पंधरा-वीस रुपयांची कचऱ्याची मोठी काळी पिशवी सॅकच्या आत अस्तरासारखी लावा, त्यात एक पूर्ण बाह्यांचा न सुती कपडा, एक कानटोपी, एक जोडी मोजे. हा जोड चालताना घालायचा नाही. तो थांबण्यासाठी आहे. कानटोपीला तरुण मंडळी हसतात, हसू देत. आणि दारू शरीर गरम करते हा समज सोडा. ती कातडीकडे रक्त आणते, उबदार वाटतं, आणि आतली उष्णता बाहेर जाते.

टॉर्च मी वैद्यकीय सामानात का धरतो? कारण वाट चुकलेला माणूस अंधारात चालला तर पडतो आणि थांबला तर गारठतो. मोबाइलचा टॉर्च बॅटरी खातो, आणि फोन तर मदतीसाठी लागणार आहे.

खेचरावरची सॅक

हिमालयातल्या ट्रेकवर वेगळीच अडचण असते. तिथे पैसे भरून मोठी सॅक खेचरावर चढवता येते, त्याला ऑफलोडिंग म्हणतात. गुडघे कुरकुरणाऱ्यांना ही सोय चांगली आहे आणि मी स्वतः पन्नाशीच्या पेशंटना ती घ्यायला सांगतो. पण खेचर तुमच्यासोबत चालत नाही, ते दुसऱ्या वाटेने, दुसऱ्या वेळी कॅम्पवर पोहोचतं. सकाळी ऊन असतं म्हणून जाड जॅकेट मोठ्या सॅकमध्ये जातं, औषधांचा डबाही त्यातच राहतो. दुपारी दोनला खिंडीत ढग उतरतात तेव्हा माणसाच्या पाठीवर पाण्याची बाटली आणि खजुराचा पुडा असतो.

२०२४ च्या जूनमध्ये उत्तराखंडात सहस्रतालच्या वाटेवर बावीस जणांचा एक गट चार हजार मीटरच्या वर बर्फाच्या वादळात सापडला. नऊ जण गेले. बहुतेक कर्नाटकातले होते, मृतांत साठी ओलांडलेलेही होते. त्यांच्याजवळ काय होतं आणि काय नव्हतं यावर मी इथे बसून बोलणार नाही. मला एवढंच म्हणायचं आहे की अशा उंचीवर जून महिना हा आपला जून नसतो, आणि कॅम्प दोन तासांवर आहे म्हणजे जॅकेट दोन तासांवर आहे असा हिशोब करायचा नसतो.

ज्यांना इन्सुलिन घ्यावं लागतं त्यांच्यासाठी तर ही सॅक जास्तच महत्त्वाची. इन्सुलिन गोठलं की निकामी होतं. पुन्हा वितळून ते पूर्वीसारखं दिसलं तरी वापरायचं नाही. खेचरावरच्या सॅकमध्ये ते गोठू शकतं. दिवसा आतल्या खिशात अंगाच्या उबेला आणि रात्री स्लीपिंग बॅगमध्ये ठेवा. ग्लुकोमीटरही तसाच, थंडीत तो चुकीचे आकडे दाखवतो किंवा चालतच नाही. दम्याचा पंप थंड पडला की फवारा नीट येत नाही, तोही खिशात.

उंचीच्या त्रासाबद्दल थोडक्यात. साधारण २५०० मीटरच्या वर डोकेदुखी, आणि सोबत मळमळ, चक्कर किंवा गळून जाणं यातलं काही आलं तर तो उंचीचा त्रास समजा, जोवर दुसरं कारण सापडत नाही तोवर. त्या दिवशी आणखी वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागली किंवा चालताना झोक जायला लागला तर रात्र असो की पाऊस, खाली उतरायचं. अ‍ॅसेटाझोलामाइडची गोळी काहींना आधीपासून द्यावी लागते. सल्फाची अ‍ॅलर्जी, किडनीचा त्रास, गरोदरपण या गोष्टी बघूनच ती ठरते, त्यामुळे "मित्राने सांगितली" म्हणून सुरू करू नका. आणि ऑक्सिमीटर गार बोटावर काहीही दाखवतो, त्याच्या आकड्यापेक्षा माणसाच्या चेहऱ्याकडे बघा.

फॉर्मवरचा ब्लड ग्रुप

ट्रेकच्या फॉर्मवर ब्लड ग्रुप न चुकता विचारतात. मला याचं नेहमी नवल वाटतं. रक्त द्यायची वेळ आलीच तर हॉस्पिटल स्वतः तपासून, जुळवूनच देतं, कागदावरच्या ग्रुपवर कोणी विसंबत नाही. ज्याची डोंगरावर खरी गरज असते ते मात्र फॉर्म नीट विचारत नाही. कोणत्या गोळ्या चालू आहेत? कशाची अ‍ॅलर्जी आहे? फिट येते का? अँजिओप्लास्टी झाली आहे का? रक्त पातळ करणारं औषध चालू आहे का?

आणि विचारलं तरी लोक लपवतात. घेणार नाहीत या भीतीने डायबेटिसच्या रकान्यात "नाही" लिहितात. काहीजण माझ्यासमोर बसून सांगतात, "डॉक्टर, प्रेशरचं नका लिहू." मी लिहितो. बोरिवली-अंधेरीहून भरत जाणाऱ्या बसमध्ये किंवा घाटकोपरला पकडलेल्या कसारा लोकलमध्ये तुम्हाला ओळखणारा एकही माणूस नसतो. बेशुद्ध पडल्यावर तुमच्यासाठी बोलणार कोण?

यावर उपाय अगदी साधा आहे. एका पोस्टकार्डाएवढ्या कागदावर नाव, वय, आजार, औषधं डोससह, अ‍ॅलर्जी आणि घरचा एक फोन नंबर लिहा. प्लास्टिकच्या पिशवीत घालून सॅकच्या वरच्या खिशात ठेवा, आणि शेजारी चालणाऱ्या निदान एका माणसाला सांगा की कागद आणि साखर इथे आहे. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही, तिशीनंतर प्रत्येकाकडे लिहायला काहीतरी असतंच.

ग्रुप काढणाऱ्यांनाही एक सांगतो. सामाईक फर्स्ट-एड बॉक्स ठेवाच. बँडेज, गॉझ, चिकटपट्टी, क्रेप बँडेज, जंतुनाशक, मुका मार आणि मोडलेल्या हाताला आधार देण्याचं सामान, हे प्रत्येकाने नेण्यात अर्थ नाही. पण तो बॉक्स सगळ्यात शेवटी चालणाऱ्या माणसाकडे द्या. मागचा माणूस चालत पुढे येणारच असतो, पुढच्याला मात्र चढलेला डोंगर पुन्हा उतरावा लागतो. बॉक्समध्ये ब्लेड आणि आवळून बांधायची दोरी सापासाठी म्हणून ठेवली असेल तर ती काढून टाका. साप चावला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, घट्ट बांधायचं नाही. हात-पाय हलू न देता माणसाला उचलून खाली आणायचं आणि १०८ ला फोन करायचा. उपाय आहे तो ग्रामीण रुग्णालयातली प्रतिसर्प लस. विंचवाचंही तसंच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या स्वस्त गोळीने विंचूदंशाचे किती जीव वाचवता येतात हे जगाला दाखवलं, पण ती गोळीसुद्धा डॉक्टरच्या देखरेखीत द्यायची असते, सॅकमधून वाटायची नसते. आपण फक्त सकाळी बूट घालण्याआधी झटकायचे.

निघण्याआधी दोन रविवार भरलेली सॅक पाठीवर घेऊन चाला. पश्चिमेकडच्यांना नॅशनल पार्कच्या गेटपासून कान्हेरी लेण्यांपर्यंतचा सहा-सात किलोमीटरचा रस्ता आहे, बाकीच्यांना आपल्या इमारतीचे जिने आहेत. खांदे कुठे काचतात, कोणती वस्तू उगाच भरली आहे आणि पाण्याची बाटली सॅक न उतरवता हाताशी येते का, हे तिथेच कळतं. पाणी काढायला सॅक उतरवावी लागली तर माणूस पाणी प्यायचंच टाळतो.

आणि सर्टिफिकेटसाठी यायचं असेल तर निदान तीन आठवडे आधी या. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या आणि ग्रुपने पाठवलेली यादी सोबत आणा. ईसीजी किंवा साखरेची तपासणी लागली तर तेवढा वेळ मिळतो, डोस बदलला तर तो मुंबईत राहून आजमावता येतो. शुक्रवारी रात्री दहाची बस आणि संध्याकाळी आठला "फक्त सही हवी होती", असं मात्र करू नका.